पडायला शिकवणाऱ्या बेन

शाळेने मला बोलावलं होतं कराटेसाठी. मी शिकवते ज्युदो. पहिल्याच भेटीत हे सांगितलं, तर ट्रस्टी काका म्हणाले, "बेन, नाव काहीही ठेवा. मुलींना स्वतःचं रक्षण करता आलं पाहिजे, मुलांना जरा शिस्त लागली पाहिजे. आणि हो, गॅदरिंगला एक आयटम." एका दमात तीन मागण्या. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका बाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्यापुढे चहा सरकवला.

शाळा वडोदऱ्याच्या जुन्या गावातली. गुजराती आणि इंग्रजी माध्यम एकाच इमारतीत, दोन पाळ्यांत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली मराठी मुलं दोन्हीकडे आहेत. वर्गात गुजराती, मधल्या सुट्टीत हिंदी, घरी मराठी, असा त्यांचा दिवस. मला सगळी 'बेन'च म्हणतात, अगदी ज्यांच्या आज्यांना मी काकू म्हणते तीसुद्धा.

या गावात व्यायामाचं बोलणं काढलं की समोरचा माणूस हमखास माणिकरावांवर येतो, आणि ते बरोबरही आहे. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले गुरू राजरत्न माणिकराव यांचं नाव घेतल्याशिवाय इथली गोष्ट सुरूच होत नाही. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, 1907 ते 1910 या काळात माणिकरावांकडेच शिकले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. मी स्वतः लहानपणी वडिलांचं बोट धरून व्यायामशाळेत जायचे. मल्लखांब, लेझीम, थोडी लाठी. ज्युदो कॉलेजात आल्यावर. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी नातवाला घ्यायला आलेल्या एका आजोबांनी मला अडवून "जपानी कशाला? लाठी-बोथाटी शिकवा की!" असं दटावलं, तेव्हा मला राग आला नाही. लाठी मलाही आवडते. पण लाठी दप्तरात मावत नाही, आणि रिक्षात मुलीच्या शेजारी कोणी सरकून बसलं तर तिच्या हातात लाठी नसते. आजोबांना एवढंच म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. नंतर ते रोज खिडकीतून तास बघत उभे राहायचे, ही गोष्ट वेगळी.

याआधी मी सरकारी शाळांतून शिकवलं होतं. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, सहावी ते बारावीच्या मुलींसाठी, तीन महिन्यांचं. योजना चांगली आहे, कारण ती ज्या मुलींपर्यंत पोचते त्यांना खासगी क्लास कधीच परवडला नसता. पण तीन महिन्यांत काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पहिला महिना लाजण्यात जातो, दुसऱ्यात हात-पाय मोकळे होतात, आणि मुलगी पहिल्यांदा पोटातून ओरडते तोवर प्रशिक्षण संपलेलं असतं. दुसरी गोष्ट मला सतत टोचायची. मुली मैदानात घाम गाळत असायच्या आणि त्यांच्याच वर्गातले मुलगे कट्ट्यावर बसून दात काढत असायचे. ज्यांनी हात आवरायला शिकायचं ते प्रेक्षक, आणि ज्यांनी वाचायचं त्यांनीच सगळी मेहनत करायची!

म्हणून या शाळेत मी अटी घातल्या. मुलगे-मुली एकत्र. पाचवीपासून नववीपर्यंत, आठवड्यातून दोन तास, पूर्ण वर्ष. जमिनीवर मॅट पाहिजेत, सतरंजी चालणार नाही. तासाला दुसरी एक शिक्षिका कायम खोलीत हजर. आणि चुकलं म्हणून उठाबशा, कोंबडा, मैदानाला फेऱ्या यातलं काहीही नाही. या शेवटच्या अटीवर ट्रस्टी काका जरा हिरमुसले. त्यांच्या मनातली शिस्त बहुधा तिथेच होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, हे मुख्याध्यापिका बाईंनीच त्यांना सांगितलं. मी त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

काकांना पटावं म्हणून मी एक टिपणही लिहून दिलं होतं. ज्युदोची कोदोकान ही संस्था 1882 मध्ये सुरू करणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले घातक डाव त्यांनी सरावाच्या कुस्तीतून बाजूला काढले, कारण पूर्ण जोर लावूनही जोडीदार दुसऱ्या दिवशी धडधाकट सरावाला आला पाहिजे, ही त्यांची गरज होती. ओकिनावात आंको इतोसू यांनी 1901 च्या सुमारास कराटे शाळेत नेलं आणि मुलांना झेपतील असे पिनान काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बसवले. म्हणजे आज आपण ज्याला मार्शल आर्ट म्हणतो त्याचा बराचसा भाग शाळामास्तरांनी शाळेसाठी बदलून घेतलेला आहे. टिपण काकांनी वाचलं की नाही, ठाऊक नाही. अटी मात्र मान्य झाल्या.

तळमजल्यावरची जुनी हस्तकलेची खोली मिळाली. मॅट म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या, चार सेंटिमीटर जाडीच्या. दुकानदार अडीच सेंटिमीटरच्या गळ्यात मारायला बघत होता, "कराटेवाले हेच नेतात" म्हणून. कराटेत मुलं बहुतेक वेळ उभी असतात, आमच्यात आडवी होतात. त्या दीड सेंटिमीटरसाठी मी त्याच्याशी बरीच हुज्जत घातली.

आणि मग आम्ही पडायला लागलो.

पहिला सगळा पावसाळा मी पडण्याशिवाय जवळजवळ काहीच शिकवलं नाही. आधी बसून मागे लोळायचं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीकडे, म्हणजे डोकं आपोआप वर राहतं. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यांनी मॅटवर सपकन आपटायचे. मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग कुशीवर, मग खांद्यावरून कोलांटी. पाचवीची मुलं यात रमतात, त्यांना फक्त तो 'सप्प' आवाज हवा असतो. आठवी-नववीच्या मुली सुरुवातीला पडायलाच तयार होत नाहीत. कपडे नीट राहतील का, कोण बघतंय, हसतील का. त्यांच्यासाठी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवला आणि ट्रॅकपँट सक्तीची केली. आजोबा उंच होते, त्यांना तरी दिसायचंच. मग त्यांना बाहेरच्या बाकावर बसण्याची विनंती केली.

पडण्यावर एवढा वेळ का, याला कारण आहे. जपानमध्ये शालेय ज्युदोत 1983 पासूनच्या जवळपास तीन दशकांत शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेकांना डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि त्यांत नव्याने शिकायला लागलेली मुलं बरीच होती. 2012 मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युदोसारख्या जपानी युद्धकलांचं शिक्षण, सक्तीचं होत होतं तेव्हा यावर मोठी चर्चा झाली. ज्या डावात मूल सरळ पाठीवर जातं आणि डोकं मागे आपटू शकतं, तो ओसोतो-गारी, मी सातवीपर्यंत दाखवतसुद्धा नाही. गळा आवळण्याचे आणि हाताचा सांधा उलटा दाबण्याचे डाव शाळेत कोणालाच नाहीत. यूट्यूबवर पाहून येतात मुलं, "बेन, हे दाखवा ना". नाही म्हणजे नाही.

पालकांना मात्र हे पडणं काही गळी उतरेना. पालकसभेत एक आई उभी राहिली. "माझी मुलगी घरी येऊन पलंगावरून पडून दाखवते. आम्ही तिला पडायला पाठवलं होतं का?" सगळे हसले. मीही हसले, कारण प्रश्न रास्त होता. उत्तर मला द्यावं लागलं नाही. पावसात शाळेचा मागचा जिना शेवाळतो, तिथे सहावीतला एक मुलगा घसरला, दप्तरासकट पाठीवर गेला. हनुवटी छातीला, हात सप्प. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. शिपाईकाकांनी हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं, की पुढच्या सभेत कोणी पडण्याबद्दल विचारलं नाही.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला पूर आला आणि खोलीत पाणी शिरलं. मॅट तरंगत होत्या. पाणी ओसरल्यावर त्या एकेक करून धुतल्या, फिनेल लावलं, गच्चीवर वाळवल्या. नववीची मुलं-मुली न बोलावता आली होती. वासाने दोन आठवडे पिच्छा सोडला नाही. तोवर तास मैदानावर, न पडता.

त्या न पडण्याच्या काळातच मी अंतराचा विषय घेतला, आणि त्यात पुराने मला आयताच दाखला दिला. वडोदऱ्याच्या मुलांना मगर माहीत आहे. पाणी चढलं की ती सोसायटीत येते, पार्किंगमध्ये सापडते. मी विचारलं, "मगर दिसली तर काय करता?" एका सुरात उत्तरं आली: लांब राहायचं, तिच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, ओरडून मोठ्यांना सांगायचं, फॉरेस्टवाल्यांना फोन करायचा. "आणि तिच्या जबड्यावर लाथ कोण मारणार?" कोणीच नाही. "मग माणसाच्या बाबतीत तुम्हाला पहिली लाथ का आठवते?" वर्ग एकदम गप्प झाला, आणि मग पाचवीतला एक जण म्हणाला, "कारण पिक्चरमध्ये मगर नसते."

आमचा स्वसंरक्षणाचा क्रम त्या दिवसापासून तसाच राहिला. आधी नजर, मग अंतर, मग आवाज, मग पळणं, आणि हात अगदी शेवटी. दोन हात अंतर ठेवून उभं राहायचं. तळवे उघडे, छातीसमोर, 'थांबा' म्हटल्यासारखे. यात मुठी नसल्यामुळे बघणाऱ्याला भांडण वाटत नाही आणि तोंडाचं रक्षणही होतं. ओरडायचं ते नुसतं किंचाळायचं नाही, वाक्य बोलायचं: "दूर हो!", "मला हात लावू नका!", "मी यांना ओळखत नाही!" गर्दीत शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी, नाहीतर लोकांना वाटतं बाप-लेकीचं चाललंय. आवाजाचा सराव म्हणजे शेजारच्या गणिताच्या तासाला शिक्षाच. गणिताच्या सरांनी दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी ओरडत होती. ते दारात थांबले आणि परत गेले.

मनगट सोडवणं सगळ्यांना आवडतं, कारण ते जादूसारखं दिसतं. पकडणाऱ्याचा अंगठा जिथे बोटांना भेटतो ती फट, त्या बाजूला मनगट वळवून कोपर पुढे घ्यायचं. समवयस्कांमध्ये लगेच जमतं. म्हणूनच मी व्यायामाच्या सरांना बोलावलं. त्यांना सांगितलं, "खरं धरा." चांगले ऐंशी किलोचे गृहस्थ. सातवीतल्या मुलांपैकी फारच थोड्यांना मनगट सोडवता आलं. काहींचे चेहरे पडले, एक मुलगी रडवेली झाली. पण हे त्यांना मॅटवर कळणं भाग होतं. मग दुसरी फेरी. आता फक्त मनगटाशी झटायचं नाही, सगळं करायचं: ओरडायचं, अंग सैल सोडून खाली बसायचं, सरांच्या नडगीवर टाच (सरांनी क्रिकेटचे पॅड घातले होते), चावायचं असेल तर तसा अभिनय करायचा, आणि पकड जरा ढिली झाली की दाराकडे धूम. या वेळी बहुतेक सुटले. सर घामाघूम. "बेन, पुढच्या वेळी हेल्मेट पण आणतो," म्हणाले.

मुठीने मारायला मी शिकवत नाही. लहान हाताची मूठ कवटीवर बसली तर मोडते ती मूठच. मोठ्या वर्गांना तळव्याच्या टाचेचा धक्का दाखवते, एवढंच. नववीला एक तास कायद्याचाही घेते. भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क त्यात नाही. समोरचा पडला, तुम्ही मोकळे झालात, तर तिथून निघायचं. पडलेल्याला लाथ मारली की ते संरक्षण राहत नाही. मुलांना हे ऐकायला आवडत नाही. "त्याने सुरुवात केली तरी?" तरी.

नवरात्राआधी आणखी एक लाट येते. ज्या आयांना वर्षभर या तासाशी घेणंदेणं नसतं, त्या सप्टेंबरात येऊन म्हणतात, "गरब्याआधी दोन-चार टेक्निक सांगा ना." वडोदऱ्यात नवरात्र म्हणजे मुली रात्री उशिरापर्यंत बाहेर, हजारोंच्या गर्दीत, मग ॲक्टिवावरून घरी. काळजी खोटी नाही. मी त्या आयांनाच एका शनिवारी मॅटवर बोलावलं, मुलींसोबत. टेक्निक कमी आणि ठरवाठरवी जास्त केली: चुकामूक झाली तर मैदानात कुठे भेटायचं, परतताना कोण कोणासोबत, 181 अभयम हा महिला हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये. चणियाचोळीत पळून बघायलाही लावलं. ओढणी पिनेने पक्की अडकवलेली असेल आणि कोणी ओढली तर मान मागे जाते, हे एका आईच्याच लक्षात आलं.

आता 'कॅरॅक्टर'. ट्रस्टी काकांना भिंतीवर प्रतिज्ञा हवी होती, फ्रेम करून. मी नको म्हटलं नाही, ती लागलीही, सुंदर अक्षरात आहे. पण मुलांवर परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्युदोत जोडीदाराने हाताने दोनदा थापटलं की त्या क्षणी सोडायचं. याला आम्ही टॅप म्हणतो. दुखलं म्हणून, घाबरला म्हणून, नुसता कंटाळला म्हणून, कारण विचारायचं नाही. सोडलं नाही तर त्या दिवशी मॅटबाहेर. वर्षभरात हा एकच नियम मी कधी सैल केला नाही.

सातवीत एक धिप्पाड मुलगा होता. मधल्या सुट्टीत लहानांच्या पाठीत गुद्दे घालणं हा त्याचा नित्यक्रम. शिक्षकांनी मला आधीच सावध केलं होतं, "याला मार्शल आर्ट शिकवू नका, अजून चेकाळेल." मी त्याला पडणारा केला. डाव दाखवताना मला जो जोडीदार लागतो, तो. चांगलं पडणं हे कसब आहे, आणि त्याचं पडणं खरोखर चांगलं होतं. गोल, हलकं, आवाजदार. मग छोट्या मुलांचे डाव तपासायलाही तोच पडायचा. वीस-पंचवीस किलोची पोरं त्याला पाडायची आणि नाचायची. तो सुधारला, गुणी झाला, असं काही मी म्हणणार नाही. वर्गात त्याच्या तक्रारी अजून येतात. पण सुट्टीत त्याने कोणाचा दंड पिरगाळला आणि त्या मुलाने दोनदा थापटलं, तर त्याचा हात सुटतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि त्याला ते कळतही नसावं.

टॅप मॅटवरून मैदानात गेला, मैदानातून घरी. चिडवणं असह्य झालं की मुलं बाकावर दोनदा थापटतात. एका आईने सांगितलं, घरी मोठा भाऊ गुदगुल्या करतो, धाकटा टॅप करतो आणि मोठा थांबतो. "आजोबांना पण शिकवलंय," म्हणाली, "ते गालगुच्चे घेतात तेव्हा." आजोबांचा गालगुच्चा ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रेमाने का असेना, मला नको आहे, हे मुलाने म्हणावं आणि मोठ्या माणसाने हात काढावा, हा अनुभव मुलाच्या गाठीशी असला पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या नात्यातले निघाले होते. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसावर सगळा अभ्यासक्रम उभा करणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

हिवाळ्यात एका मुलीने तासानंतर मॅट उचलायला मुद्दाम उशीर केला. शाळेत येण्याजाण्याच्या वाहनावरच्या माणसाचं वागणं तिला आवडत नव्हतं. तिने त्याला एकदा मोठ्याने "हात लावू नका" म्हटलं होतं, व्हॅनमधल्या बाकीच्यांसमोर. त्यानंतर तो तिला टाळायला लागला, पण दुसऱ्या एका लहान मुलीला पुढच्या सीटवर बसवू लागला, आणि माझ्याकडे आलेल्या मुलीला ते सांगायचं होतं. मी वहीत तारीख घालून तिचेच शब्द लिहून घेतले, फिरून फिरून प्रश्न विचारले नाहीत, आणि तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. कोणीतरी "आधी आपल्यात बघू" म्हणालं. बाईंनी ते चालू दिलं नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, शाळेलाही. त्याच दिवशी दोन्ही घरच्यांना बोलावलं, कळवायचं तिथे कळवलं. पुढचं त्या मुलींचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक वर्गाच्या दाराशी लागला, आणि शिक्षकांसाठी मी एक वेगळा तास घेतला, त्यात डाव एकही नव्हता. मूल सांगायला आलं तर चेहरा कसा ठेवायचा, काय बोलायचं नाही, एवढंच.

एव्हाना आमच्या तासाचा बोलबाला झाला होता, आणि एका क्लासवाल्यांचा प्रस्ताव आला. आम्ही मुलांना फुकट शिकवतो, फक्त दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा, फी मुलांकडून, त्यात शाळेचा वाटा. दोन वर्षांत ब्लॅक बेल्टचं आमिष. पालकांत खळबळ. त्यांच्या मुलांना वर्ष झालं तरी पांढराच पट्टा, तोही शिवण्याचा खर्च नको म्हणून कित्येकांचा सुती नाडीचा. मी ट्रस्टींना सांगितलं की कानोंनी पट्टे सुरू केले तेव्हा इतके रंग नव्हतेच, रंगीबेरंगी पायऱ्या पुढे युरोपात, 1930 च्या दशकात, रुळल्या. रंगाला माझा विरोध नाही, मुलांना रंग आवडतात. पण दर तीन महिन्यांनी पास करणं हेच ज्याच्या पोटापाण्याचं साधन आहे, तो नापास कोणाला करणार? प्रस्ताव बारगळला. त्याऐवजी प्रत्येकाला एक वही दिली. मागे पडणं, कुशीवर पडणं, कोलांटी, टॅप पाळणं, असं एकेक जमलं की त्यावर सही जोडीदाराची, माझी नाही. आपल्याला सांभाळून पाडलं का, हे जोडीदाराइतकं कोणाला कळणार?

आणि गॅदरिंग. काकांना कौलं फोडणं हवं होतं. एका हाताने दहा कौलं, मागे धूर, वर संगीत. कौलांच्या मध्ये फटी ठेवून रचली की ती फुटायला सोपी जातात, हे मी त्यांना गच्चीवर फोडूनच दाखवलं. हात चोळत म्हणाले, "मग काय करणार?" आम्ही लेझीम केलं. आठवीच्या मुलींनी लेझमाचा ठेका धरला, आणि त्या ठेक्यावर पाचवी-सहावीची मुलं रांगेने कोलांट्या मारत स्टेजभर पडत गेली. शेवटी सगळ्यांचे हात एकदम सप्प. बाकावरच्या आजोबांनी त्यासाठी मुलींना लेझमाचे हात सुधारून दिले होते, विचारल्याशिवाय, आणि अगदी अचूक.

या वर्षी खेल महाकुंभाचं पत्रक आलं आहे. गुजरात सरकार 2010 पासून या स्पर्धा भरवतं, ज्युदोही असतो. काकांनी विचारलं, "किती मेडल?" मी म्हटलं, दोघं जाणार आहेत, ज्यांना स्वतःला जायचंय तीच दोघं, आणि त्यांचा सराव शाळा सुटल्यावर वेगळा होईल, तासाच्या वेळेत नाही. तासाला पंचेचाळीस मुलं असतात, ती दोघांसाठी भिंतीला टेकून बसणार नाहीत. काका थोडा वेळ पत्रकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं, आणि अजून काय लागेल? तिसरी-चौथीला सुरू करायचं तर पूर येऊन फुगलेल्या मॅट बदलायला हव्यात. चार सेंटिमीटरचंच कोटेशन मी पर्समध्ये घेऊन गेले होते, ते त्यांच्या टेबलावर ठेवलं.